प्रश्न उद्भवत नाही

एक्याण्णव साली पनवेलजवळच्या शेवखारच्या बायका आमदारांकडे चार खेपा घालून आल्या. कारखान्याचं पाणी खाडीत सुटत होतं, मासळी मरत होती आणि मुलांच्या अंगावर चट्टे उठत होते. पाचव्या खेपेला आमदार म्हणाले, "विधानसभेत प्रश्न टाकलाय. ऐकायला या."

महिला मंडळाची हौसाबाई चौघींना घेऊन मुंबईला गेली. एवढ्या मोठ्या सभागृहात आपल्या गावाचं नाव घेतलेलं ऐकून तिने शेजारणीचा हात घट्ट दाबला.

मंत्र्यांनी कागद बघून उत्तर वाचलं. "अध्यक्ष महोदय, त्या ठिकाणी शेवखार नावाचं गाव नाही. त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही."

त्यांची काहीतरी चूक होतेय असं वाटून हौसाबाई गॅलरीत उभी राहिली. "सायब, आमी हाय ना! तीनशे घरं हायत आमची!"

खाली कोणीच मान वर केली नाही. सुरक्षारक्षकांनी पाचही जणींना बाहेर काढलं.

आमदार मागच्या जिन्यापाशी भेटले. हौसाबाई संतापली होती. "तुमी गप का बसलात? त्यांना सांगायचं ना, गाव हाय म्हणून!"

आमदारांनी आजूबाजूला पाहिलं.

"तुमचं माहेर कुठलं, हौसाबाई?"

"पेणकडचं. का?"

"दिवाळीच्या आत मुलांना तिकडे नेऊन ठेवा," ते हळू आवाजात म्हणाले. "दिवाळीनंतर मंत्र्यांचं उत्तर खरं ठरणार आहे. बाकीच्यांनाही सांगा. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका."