मावशीच्या आवाजातलं नवं गाणं

मावशीनं कानांवरचा हेडफोन ओरबाडून काढला आणि टेबलावर आपटला.

“सासरी निघालेली मुलगी आईच्या गळ्यात पडून रडते, तेव्हाचं गाणं हे. त्यावर लोकांना नाचवतेस?”

“शब्द कुणाला कळतात, मावशी!” शिनयुआन हसली. मावशीनं शिकवलेल्या लोकगीतांना इलेक्ट्रॉनिक ठेका लावूनच ती चीनभर गाजली होती. आज नवं गाणं मागायला ती रेकॉर्डिंगवाल्याला घेऊन गावी आली होती.

“एक ओळ मिळणार नाही. थू तुझ्या गाण्यावर!” मावशी किंचाळली, मग रडली, आणि शेवटी तिनं दोघांना घराबाहेर काढलं.

गाडीत बसताच शिनयुआननं विचारलं, “म्हातारीचं सगळं रेकॉर्ड झालं ना?”

महिन्याभरात शांघायच्या स्टेडियममध्ये पन्नास हजार माणसं मावशीच्या हुंदक्यांवर नाचत होती.