संपफोडी

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हाच डोरीनने ओळखली. दाराला पोचा, पुढचा एक दिवा फुटका. वर्नाचीच.

अमेरिकेतल्या रॉकफर्डच्या नटबोल्टच्या कारखान्यात संपाला महिना होत आला होता. सकाळच्या पाळीची वेळ. गेटसमोर पत्र्याच्या पिंपात लाकडं पेटवून संपकरी हात शेकत उभे होते. आजवर आत गेले ते सगळे बाहेरगावाहून आणलेले. काळ्या काचांच्या बसमधून यायचे, तोंड लपवून आत जायचे. आपल्यातलं कुणी फुटलं नव्हतं.

"ही वर्ना लिंडक्विस्ट की काय?" संपकऱ्यांतल्या ओटिसने हातातली घोषणेची पाटी खाली घेतली.

सगळे डोरीनकडे बघायला लागले. या गेटची पुढारी ती. आणि वर्ना आणि ती, शेजारशेजारच्या यंत्रांवर उभ्या राहून दोघींचे केस पिकलेले.

डोरीन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गाडी तिच्या गुडघ्यांशी येऊन थांबली. वर्नाने हॉर्न वाजवला नाही, पण इंजिनही बंद केलं नाही. डोरीन खिडकीशी गेली. काच खाली आली.

"मागे फीर," डोरीन दबक्या आवाजात म्हणाली. "नुसती बघायला आली होती म्हणून सांगते मी. फीर मागे."

"कार्लचं डायलिसिस." वर्ना समोर बघत होती. "कंपनीने संपामुळे आजारपणाचा विमा तोडलाय, माहितेय ना?"

"सगळ्यांचाच तोडलाय. युनियन काहीतरी करतेय."

"मग नवऱ्याच्या मूत्रपिंडांना सांगू, युनियनची मीटिंग होईस्तोवर दम धरा म्हणून?"

मागून कुणीतरी ओरडलं, "काय गुलुगुलु चाललंय गं? मैत्रिणीला आत सोडतेस की काय?"

गाडीच्या टपावर पाटी आपटली. घोळका सरकत आला. ओटिस गाडीकडे बघतच नव्हता. तो डोळे बारीक करून डोरीनकडे बघत होता.

वर्नाच्याही ते ध्यानात आलं. तिने पहिल्यांदाच मान वळवली.

"शिव्या घाल मला."

"काय?"

"मोठ्याने घाल. नाहीतर तुलाही सोडायचे नाहीत हे. तुला यांच्यातच राहायचंय, डोरीन."

डोरीन दोन पावलं मागे सरली.

"संपफोडी!" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "आमच्या ताटात माती कालवतेस? थू तुझ्या जिंदगानीवर!"

आणि तिने बॉनेटवर ताडकन हात मारला.

घोळक्याला चेव आला. एकच गिल्ला झाला. कुणी थुंकलं, कुणी चाकाला लाथ घातली. त्यातून वाट काढत गाडी मुंगीच्या पावलांनी गेटातून आत गेली.

"शाब्बास!" ओटिसने डोरीनच्या पाठीवर थाप मारली. "मला वाटलं, विरघळतेस आता."

कुणीतरी तिच्या हातात कॉफीचा पेला दिला. तो तिला धरवेना. दुसऱ्या हाताने घेतला.

आत आवारात गाडी वळली. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ती पार पांढुरकी झाली होती. बॉनेटवर तेवढा एक पंजा उमटलेला, पाचही बोटं फाकलेला. गेट लागेपर्यंत तो दिसत राहिला.