नुसता तळ

म्हाताऱ्या मच्छीमाराने आणलेलं मासे शोधायचं यंत्र कारागिराने उघडलं आणि मान हलवली. आत खारं पाणी शिरून सगळं गंजलं होतं.

"काका, दहा वर्षं चाललं, पुष्कळ झालं. समुद्रावर ही यंत्रं याहून जास्त टिकत नाहीत. आता नवीनच घ्या."

"ते यायला वेळ लागेल रे. आजचा दिवस तरी चालव." म्हातारा काकुळतीला आला. "पडद्यावर नुसता तळ दिसला तरी पुरे."

कारागिराला हसू आवरेना. "अहो, मासे दिसणार नसतील तर तळ बघून काय करणार?"

 

"सकाळी सगळ्यांनी शोध थांबवला, बाळा. माझ्या पोराची होडी खालीच कुठंतरी आहे."