म्हाताऱ्या उंदराची साखर

प्रयोगशाळेत मृण्मयीने म्हाताऱ्या उंदराच्या शेपटीतून रक्ताचा थेंब घेतला. साखर आजही चढलेलीच.

शेजारच्या पिंजऱ्यातल्या तरुण उंदरांनाही हेच गोड खाद्य होतं. त्यांची स्वादुपिंडं इन्सुलिन बनवणाऱ्या नव्या पेशी वाढवून ते निभावून नेत होती. म्हाताऱ्याचं स्वादुपिंड काही वाढत नव्हतं.

“तुझा काय दोष रे यात,” ती पुटपुटली, आणि तिला घरचे अप्पा आठवले.

संध्याकाळी तिने वडिलांच्या बोटाला सुई टोचली. आकडा बघून अप्पा घाईने म्हणाले, “मी काही खाल्लेलं नाही हं.” रोज इथूनच भांडण सुरू व्हायचं.

“माहितीये, अप्पा. वयाने होतं असं.”

अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून अर्धा पेढा काढला आणि गुपचूप तिच्या हातावर ठेवला.