सरासरी तीन तास

"आई, पिशवीत काढून ठेवलेलं दूध आहे, वाटी-चमचाही," परीक्षा केंद्राच्या व्हरांड्यात मृण्मयी म्हणाली.

"कशाला गं? तीन तासांनीच उठतो तो. पेपरही तेवढाच!" मांडीवर झोपलेल्या नातवाला थोपटत सासूबाई हसल्या.

संख्याशास्त्राचा पहिलाच प्रश्न होता: नुसती सरासरी पुरेशी का नसते? उदाहरण द्या. तेवढ्यात खिडकीबाहेर बाळाने टाहो फोडला. ती ताडकन उठली.

"बाहेर गेलात तर परत यायचं नाही," पर्यवेक्षक म्हणाले.

पान्हा फुटला, ओढणी भिजली. ती बसली आणि लिहू लागली: 'माझं बाळ सरासरी तीन तासांनी उठतं, कधी पाच तासांनी, कधी वीसच मिनिटांत. भूक काही सरासरी बघून लागत नाही.'

खिडकीबाहेर वाटीवर चमचा वाजला. रडणं थांबलं. डोळ्यांतल्या पाण्याने तिला पुढचा प्रश्न दिसेना.