अपिलाची मुदत

"नाव सांग," मैत्री म्हणाली. "उद्या पाचला अपिलाची मुदत संपते."

राकेश बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. खडकीच्या मैदानावर संघाबरोबर सराव करायला त्याला मनाई होती, म्हणून तो कडेकडेनं एकटाच धावून आला होता. एका सामन्यानंतर तपासणीसाठी त्याची एकट्याची चिठ्ठी निघाली, लघवीत स्टेरॉइड सापडलं आणि चार वर्षांची बंदी आली. तो तेवीस वर्षांचा होता.

त्याचे प्रशिक्षक रतन सर, म्हणजे मैत्रीचे वडील. त्यांनी चौकशी समितीला लिहून दिलं : मुलाला काही ठाऊक नव्हतं, मीच दिलं. काय दिलं, कुठून आणलं, याबद्दल एक अक्षर नाही. पुराव्यावाचून समितीनं राकेशची बंदी कायम ठेवली आणि सरांवर आजन्म बंदी घातली. दीड महिन्यात सर गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्या जुन्या खेळाडूंपैकी निम्मे फिरकले नाहीत.

अमेरिकेतली दोन वर्षं आटोपून मैत्री हिंजवडीच्या ऑफिसात परतली, ती त्यांच्या शेवटच्या आजारपणातच. कुणाला पाठीशी घालताय, असं तिनं विचारलं की ते भिंतीकडे कूस वळवायचे.

संशय घ्यावा असा एकच माणूस होता. जिमवाला जयसिंग, सरांचा जुना दोस्त. त्याच्याविरुद्धची तक्रार ती टाइप करूनच घेऊन आली होती.

"सरांनी शपथ घातलीय, ताई."

"ते गेले. तुझी चार वर्षं चाललीत. आता कुणाला वाचवतोयस?"

राकेशनं बूट काढून बाजूला ठेवले.

"राहू दे. मी इथून थेट चौकीत जाते. जयसिंगकाकांना दोन मुली आहेत ना? बापाला तोंड लपवावं लागलं की घरात कसं वाटतं, ते त्यांनाही कळू दे."

ती उठली. राकेशनं तिच्या हातातला कागद धरला.

"काकांनी काही केलेलं नाही." तो मान खाली घालूनच बोलत होता. "सरांच्या अशक्तपणावर म्हणून तुम्ही तिकडून पावडर पाठवायचात ना? सराव संपला की आम्हाला एकेक चमचा मिळायचा. सरांनी घरचं काही कधी एकट्यानं खाल्लंय का, ताई?"