बोटावरची चिंधी

दुपारची सुट्टी संपायच्या आत अमिनाने लुगड्याची कड फाडली आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला गुंडाळली. सकाळपासून बाबिनीवर गुंडाळले जाणारे सूत त्याच जागेवरून धावत होते. कातडी चिरली होती. पांढऱ्या सुतावर रक्ताचा ठिपका पडला तर कामावर देखरेख करणारी नायकीण त्याच पावली गिरणीबाहेर काढते, असे बायकांनी तिला आल्या आल्या सांगून ठेवले होते.

नायकीण केराबाई आजचा एकच दिवस तिचे काम पाहून तिला ठेवायचे की नाही ते ठरवणार होती. सात रस्त्यावर टांगा उलटल्यापासून नवरा, चांदसाब, मोडका पाय घेऊन घरी पडून होता.

मेंदी लावायला आलीस का सूत भरायला, असे शेजारच्या बाईने विचारले. दोघी-तिघी हसल्या. अमिनाही हसली आणि कामाला लागली.

तासाभराने केराबाई आली. तिने अमिनाची भरलेली बाबीन उचलली, सूत बोटांतून सोडत उलगडले. तीन जाड गुठळ्या निघाल्या. गुठळी हाताला लागली की धागा थांबवून ती तोडायची आणि बारीक गाठ मारायची, एवढेच तर काम होते.

"ह्या तुज्या बोटाला कळल्या न्हाईत?"

अमिनाने चिंधी दाखवली. सुताला रक्त लागेल म्हणून बांधली, म्हणाली.

"चिंधीला काय कळतंय? सोड ती."

चिंधी चिकटली होती. ती निघाली तसे रक्त पुन्हा आले. केराबाईने कमरेची पानाची चंची काढली, नखावर चुना घेतला आणि चिरेत दाबून भरला. अमिनाच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने हात मागे घेतला नाही. रक्त थांबले.

सूत पुन्हा धावू लागले. उघड्या बोटावर आता प्रत्येक गुठळी काट्यासारखी बोचत होती. बोचली की अमिना थांबायची, तोडायची, गाठ मारायची. न बोचता फार वेळ जात नव्हता.

संध्याकाळचा भोंगा झाला. केराबाईने तिची शेवटची बाबीन उलगडली, गुठळी लागली नाही तशी पुन्हा गुंडाळली आणि टोपलीत टाकली. मग अमिनाचा हात ओढून तिच्या बोटावर आपले बोट घासले. केराबाईचे बोट बाभळीच्या सालीसारखे होते, मधोमध सुताने पाडलेली खाच.

"लई मऊ हाय आजून," केराबाई म्हणाली. "उद्या चुना घरनंच घिऊन ये."